रगताचा डबा

आमच्या डॉक्टरीणबाई चक्रम होत्या असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. त्यांच्या दवाखान्यात काउंटरवर मी बसत होते, त्यामुळे त्यांच्या चक्रमपणाबद्दल मला कुणी नवीन काही सांगायला येऊ नये. भर वैशाखात, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा दिवसांत, बाईंच्या पायात जाड पुरुषी मोजे असत आणि त्यावर रबरी चप्पल. दवाखान्यात पंखा एकच, आणि तो पेशंटच्या बाकाकडे तोंड करून, कारण वारा लागला की बाईंना शिंका येत. "एक सुई तरी द्या की बाई" असं कुणी म्हणालं, की त्या म्हणत, "सुई पाहिजे तर शिंप्याकडं जा." एखादी बाई तपासायला आली आणि तिच्याऐवजी नवराच दुखणं सांगायला लागला, तर बाई सरळ नवऱ्याचं मनगट धरायच्या. "जीभ दाखवा. इतकं तपशीलवार तुम्ही सांगताय, म्हणजे तुम्हालाच होतंय." तो बिचारा जीभ दाखवायचा. मग त्याला बाहेर बसवून त्या बायकोकडे वळायच्या.

पण आमच्या गावात बाईंची आठवण निघाली की माणसं मोजे सांगत नाहीत, शिंका सांगत नाहीत. डबा सांगतात.

तो डबा समजायचा तर आधी धंदा समजला पाहिजे. आमच्यासारख्या गावात डॉक्टरच्या दवाखान्यात लॅब नसते. डॉक्टर रक्त काढून घेतो, बाजारातला लॅबवाला ते घेऊन जातो, संध्याकाळी रिपोर्ट आणून देतो. पैसे पेशंट डॉक्टरच्या काउंटरवर देतो. लॅबवाल्याचं काम शंभराचं असलं तरी बिल दोनशेचं होतं, आणि मधले शंभर डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये राहतात. ह्याला कट म्हणतात. सगळे घेतात, आणि तो शब्द उच्चारताना सगळे आवाज खाली घेतात. आमच्या बाई तो शब्द भाजीवाली मेथी ओरडते तसा ओरडायच्या.

काउंटरवर त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला होता. झाकणाला छिन्नीने चीर पाडलेली. पेशंटचं रक्त काढून झालं की बाई आतूनच, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "साखरेची तपासणी. लॅब घेते ते शंभर. ह्यात माझं काही नाही. तुमच्या हातानं डब्यात टाका!" त्यांची फी मी घ्यायची, ड्रॉवरमध्ये. डब्याला मात्र मी हात लावायचा नाही, त्यांनीही लावायचा नाही. संध्याकाळी लॅबवाला यायचा, झाकण उघडायचा आणि आपले पैसे घेऊन जायचा. कुणी पाचशेची नोट काढली आणि मोड नसली, तर त्याला समोरच्या चहाच्या टपरीवर पिटाळायचं. डबा नाण्यांनी खुळखुळत असला तरी त्यातून मोड द्यायची नाही म्हणजे नाही.

"बाईंचं सोवळं फार कडक," असं गावातले दुसरे डॉक्टर हसून म्हणत. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आहेच. माणसाचं पाळत नाही, पैशाचं पाळते."

हा डबा भूकंपातला. भूकंपानंतर बाई सास्तूरकडे सरकारी तंबूत काम करायला आल्या होत्या, तेव्हा नुकत्या डॉक्टर झालेल्या. दोन महिन्यांसाठी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. मदतीच्या बिस्किटांचे डबे तेव्हा गाड्या भरभरून यायचे. मी एकदा विचारलं, की एवढ्या सामानातून हा गंजका डबाच तेवढा का जपला? तर म्हणाल्या, "तिथं एकच गोष्ट शिकले मी. ज्याचं त्याच्या हातात पडलं पाहिजे. मधे जेवढे हात, तेवढा डबा हलका." एवढंच. पुढं विचारायची सोय नव्हती, कारण लगेच त्यांनी मला काचेच्या पट्ट्या धुवायला बसवलं.

आता ह्या डब्याची जी गंमत झाली ती आमच्याच मुलखात होऊ शकते. तुळजापूर जवळ. आमच्याकडची माणसं चीर असलेला डबा दिसला की आधी हात जोडतात आणि मग विचारतात कशाचा आहे. एका बाजारच्या दिवशी मी तपासणीच्या खोलीतून बाहेर येते तर डब्याच्या झाकणावर हळद, त्यावर कुंकू, आणि शेजारी दोन झेंडूची फुलं. समोर सास्तूरची म्हातारी पदर सावरत उभी. ही म्हातारी आमची नेहमीची पेशंट. साखरेचं दुखणं होतं, आणि बाईंना उलट उत्तर देण्याची हिंमत गावात फक्त तिच्याकडे होती.

"आजी, हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"रगताचा डबा हाय न्हवं? मग! रगत म्हंजी देवीचं."

"देवी तुळजापूरला आहे. हा बिस्किटाचा डबा आहे."

"देवी तितं बी हाय अन् हितं बी हाय. दोन बोटं कुकू लावल्यानं तुमचं काय झिजतंय?"

बाईंनी स्पिरिटची बाटली घेतली, कापूस भिजवला आणि डबा लखलखीत पुसला. म्हातारी शांतपणे बघत होती. पुढच्या बाजारी पुन्हा कुंकू. बाईंनी पुन्हा स्पिरिट. हे किती वर्षं चाललं म्हणून सांगू! बाई देवधर्म मानत नव्हत्या, आणि मानत नाही हे सांगायला लाजतही नव्हत्या. त्या बाजाराच्या दिवशी सकाळीच स्पिरिटची बाटली कपाटातून काढून काउंटरवर ठेवायच्या, आणि म्हातारी ती बाटली बघून गालातल्या गालात हसायची.

हळूहळू तपासणी नसलेली माणसंही जाता जाता रुपया-दोन रुपये टाकायला लागली. तुळजापूरहून परत येणाऱ्या बायका डब्याला हात लावून तो कपाळाला लावायला लागल्या. लॅबवाल्याच्या हिशेबापेक्षा वर निघणारी ही चिल्लर बाई त्याला घेऊ देत नसत. त्याची तो खडीसाखर आणायचा आणि रक्त काढताना भोकाड पसरणाऱ्या पोरांच्या तोंडात ती पडायची.

कळस पुढंच होता. येडशीहून मुलीकडे आलेले एक गृहस्थ बसस्टँडजवळच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं साखर भरमसाट निघाली. माणसानं धास्तीनं आंब्याच्या दिवसांत आंबा सोडला, चहा सोडला, मुलीच्या घरी बसून निरवानिरवीची भाषा बोलायला लागला. मुलीनं त्यांना आमच्याकडे आणलं. बाईंनी पुन्हा रक्त पाठवलं, तर साखर एकदम व्यवस्थित. तिकडे नळीवरच्या चिठ्ठीत नाव दुसऱ्याचं लागलं होतं, एवढाच घोटाळा. पण गावानं जो अर्थ काढला तो असा, की तिकडं पैसे डब्यात टाकले नव्हते म्हणून रिपोर्ट खोटा आला, आणि इकडं टाकले म्हणून खरा.

बाई पायरीवर उभ्या राहून ओरडल्या. "अरे, डबा तपासत नाही! यंत्र तपासतं! चिठ्ठी बदलली होती चिठ्ठी!"

"व्हय व्हय," लोक म्हणाले, माना डोलावल्या, आणि आत येऊन डब्यात दोन-दोन रुपये जास्तीचे टाकून गेले. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "कारभारणी, मी ह्या गावात काय केलं ग एवढी वर्षं?" त्या मला कारभारीणच म्हणायच्या. मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं, आणि दोन्ही मी लपवलं नाही.

गावातले दुसरे डॉक्टर मात्र आता हसत नव्हते. बसस्टँडजवळच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर एका दुपारी स्वतः आले. हे गावातल्या सगळ्या डॉक्टरांचे पुढारी. येताना तुळजापूरचे पेढे घेऊन आले होते. आधी बाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग पावसाची, मग डब्यावर आले.

"बाई, तुम्ही कट घेऊ नका. कोण म्हणतंय घ्या? पण हा डबा काउंटरवरून काढा. लोक आमच्याकडं येऊन विचारतात, तिकडं शंभर, हितं दोनशे कसे?"

"मग सांगा ना कसे ते."

"सगळ्या गोष्टी सांगायच्या नसतात. ही पद्धत आहे, बाई. देशभर आहे."

"पद्धत असेल तर बिलावर छापा. तपासणी शंभर, डॉक्टरचा कट शंभर. छापा, मी उद्या डबा काढते."

मोठ्या डॉक्टरांनी पेढ्यांचा पुडा टेबलावरच ठेवला आणि उठले. बाईंनी मला तो उघडायला सांगितला. "पेढ्याशी आपलं काय भांडण?" म्हणाल्या आणि बाकावर सगळ्यांना वाटून टाकला.

चारच दिवसांत लॅबवाला आला. हातात रिकामी पेटी, नजर जमिनीवर. गावात लॅब एवढी एकच, आणि तिला निम्म्याहून जास्त रक्त मोठ्या डॉक्टरांकडून यायचं. तो म्हणाला, "बाई, त्येंनी सांगितलंय. तुमचं रगत घेतलं तर त्येंचं मिळणार न्हाय. डबा उचला, लगेच येतो म्या. न्हाय तर माझ्या लेकरांनी काय खायाचं?"

मला वाटलं आता बाई त्याची सालटी काढतील. त्यांनी त्याला चहा पाजला. "तुमचं पोट आहे, मी कोण बोलणार?" म्हणाल्या. "पण डबा हलणार नाही."

त्या दिवसांचा मला अजूनही राग आहे, सांगते. लॅबशिवाय दवाखाना म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून तपासणं. बाई बर्फाच्या पेटीत नळ्या ठेवून सोलापूरच्या एसटीनं पाठवायला लागल्या. पेटीवर मी मोठ्या अक्षरांत 'रक्त' लिहायची, म्हणून गर्दीतही तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. पण रिपोर्ट यायला दोन-दोन दिवस जायचे. तापानं फणफणलेलं माणूस दोन दिवस थांबतं काय? बाक रिकामं पडायला लागलं. बाई रिकाम्या बाकाकडे पंखा लावून मोजे घालून बसलेल्या, आणि डबा माझ्यासमोर.

मी एकदा म्हणाले, "बाई, डबा काउंटरच्या खाली ठेवू. पैसे त्यातच टाकू, कुणाला दिसणार नाही म्हणजे झालं."

"खाली ठेवलेली कुठलीही गोष्ट कटच असते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं मऊ आवाजात, "तुझा पगार थांबणार नाही, काळजी करू नको." मला पगाराची काळजी नव्हती. मला त्यांच्या हट्टाचा संताप येत होता आणि तो हट्ट सुटला तर मी ह्या बाईला तोंड दाखवणार नाही असंही वाटत होतं.

मग बाजारचा दिवस आला आणि सास्तूरची म्हातारी आली. कुंकू लावून झालं, बाईंनी रक्त काढून झालं, आणि मी सांगितलं की आजी, रिपोर्ट परवा, आता सोलापूरला जातं. का म्हणून विचारलं, तर मी सगळं सांगून टाकलं. मी काही गुपित ठेवायची शपथ खाल्ली नव्हती.

म्हातारी बाईंना म्हणाली, "ते माझं रगत हाय का तुमचं?"

"तुमचंच, आजी."

"मग आणा हिकडं."

तिनं नळी घेतली, पदरात गुंडाळली. दुसऱ्या हातानं डबा उचलून काखेत मारला. बाई "अहो, आजी, अहो" करेपर्यंत म्हातारी पायऱ्या उतरलीसुद्धा. चिठ्ठी घेऊन मी मागं धावले. भर बाजारातून, कांद्याच्या ढिगांतून, म्हातारी पुढं आणि मी मागं, आणि कुंकू लावलेला डबा खुळखुळतोय. माणसं वाट सोडत होती, बायका जाता जाता डब्याला हात लावत होत्या. लॅबवाल्याच्या दारात पोचेपर्यंत आमच्या मागं वीस-पंचवीस जण होते. कशासाठी चाललोय हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

"घे," म्हातारीनं नळी पुढं केली.

"आजी, बाईंचं रगत घ्यायचं न्हाय मला. मोठ्या डॉक्टरांनी..."

"बाईचं कुटलं? ह्ये माझं हाय. माझ्या अंगातनं निघालंय. माझं रगत घेऊ नगो म्हणून कोण म्हणलं? बोलव त्येला. मला बी बगू दे त्येचं तोंड."

लॅबवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यानं नळी घेतली. म्हातारीनं कनवटीचे पैसे सोडले, पण त्याच्या हातात दिले नाहीत. डबा त्याच्या टेबलावर ठेवला, चिरीतून आत टाकले आणि म्हणाली, "आता काड."

डबा मी परत आणून काउंटरवर ठेवला, आणि तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत पडली. बाई रक्त काढत, आणि पेशंट स्वतःची नळी स्वतःच्या हातानं लॅबवर नेऊन देई. बाईंचं रक्त घ्यायला बंदी होती. गावाचं रक्त नाकारायची छाती कुणाची नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी लॅबवाल्याला फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, "साहेब, बाईंच्या दवाखान्यातनं एक थेंब घेत न्हाय म्या. विचारा कुनाला बी." पावसाळा लागेपर्यंत सगळेच कंटाळले आणि लॅबवाला पेटी घेऊन पुन्हा यायला लागला. डबा जिथं होता तिथंच होता. बाईंनी म्हातारीचे आभार मानले का? छे. पुढच्या बाजारी तिच्या देखत स्पिरिटनं डबा पुसला.

बाईंचे गुडघे शेवटी बोलले. गेल्या वर्षी त्या लातूरला भाचीकडे राहायला गेल्या, आणि दवाखाना एका नव्या डॉक्टरांनी घेतला. मुलगा हुशार आहे, हात हलका आहे, माझ्याशी बोलताना ताई म्हणतो. पण आल्या आल्या त्यानं काउंटरवर कम्प्युटर आणला, डबा उचलून मागच्या खोलीत टाकला आणि मला सांगितलं, "ताई, आता सगळं एकच बिल. लॅबचंही त्यातच धरायचं." किती धरायचं तो आकडा त्यानं हळू आवाजात सांगितला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. मी घरी जाऊन रात्रभर चिडचिड केली. डोळ्यांसमोर तो डबा फरशीवर पडलेला.

दुसरा दिवस बाजारचा. पहिलाच माणूस बिल बघून म्हणाला, "डबा कुटं हाय?"

"काका, आता डबा नाही. इथंच द्यायचे," नवे डॉक्टर हसून म्हणाले.

"हितं कसे द्यायचे? रिपोट खोटा येतो न्हवं!"

डॉक्टरांना वाटलं थट्टा आहे. त्याच्यामागची बाईही तेच म्हणाली. तिच्यामागचा म्हणाला, रक्तच देत नाही. मग म्हातारी आली, आता काठी घेऊन चालते. तिनं काउंटरवरच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि बाकावर मांडी घालून बसली. तिच्या शेजारी बाकीचे बसले. नव्या डॉक्टरांनी यंत्र कसं चालतं ते समजावून सांगितलं, अगदी चित्र काढून. सगळ्यांनी माना डोलावल्या. उठलं कुणीच नाही.

"ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना," ते माझ्याकडे वळून म्हणाले.

सांगितलं असतं तर मी बाईंची कारभारीण कसली? "बाईंनी वीस वर्षं समजावलं, सर," मी म्हणाले. "त्यांना जमलं नाही, मला काय जमणार?"

दुपारपर्यंत डबा परत काउंटरवर आला होता. आणि डब्यात टाकायचे म्हटल्यावर माणसं लॅबवाला घेतो तेवढेच टाकणार. आकडा सगळ्यांना पाठ. कम्प्युटरच्या बिलातली लॅबची ओळ मी त्याच दिवशी काढून टाकली, आणि नव्या डॉक्टरांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

संध्याकाळी मी लातूरला फोन लावला. बाईंना सगळं सांगितलं. रिपोर्ट खोटा येतो म्हणून लोक बसून राहिले, हे ऐकल्यावर पलीकडून नुसती शिंक आली. पंखा लागला असणार.

"कुंकू आहे का त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"आहे. म्हातारीनं लावलंय. आज भरपूर लावलंय, बाई."

"स्पिरिटची बाटली कुठं आहे?"

"कपाटात."

"कपाटाला कुलूप लाव," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.